सोयाबीनची शेतकरी कंपनी: ताळेबंदात नफा ८ हजार, मग मूल्य तयार झालं की नाही?

मांजराकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

लातूर जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या संचालक मंडळातर्फे विचारतोय. सभासद ४००, सगळे सोयाबीनवाले. सगळ्यांचं मिळून उत्पादन साधारण १२,००० क्विंटल. कंपनीची नोंदणी केंद्र सरकारच्या १० हजार एफपीओ (शेतकरी उत्पादक कंपन्या) योजनेतली. शेड, चाळणी-प्रतवारी यंत्र, काटा, मॉइश्चर मीटर एवढी सामग्री आहे. शेड आणि यंत्र अनुदानातून झालं.

गेल्या हंगामाचे आकडे गोळाबेरीज करून देतो.

आवक १,००० क्विंटल. सरासरी ओल १४ टक्के, माती-काडीकचरा ४ टक्के. सभासदांना सरसकट ४,०८० रुपये क्विंटल भाव दिला. त्याच आठवड्यांत गावात फिरणारा व्यापारी अशाच मालाला ४,०५० देत होता. वाळवून, चाळून ९४८ क्विंटल माल तेल कारखान्याला पोच ४,५०० ने गेला. चाळणीखालची फूट (फुटका दाणा) १० क्विंटल, ३,००० ने. एकूण विक्री ४२,९६,०००.

खर्च: वीज-डिझेल २०,०००, बारदाना-सुतळी ३०,०००, ट्रकभाडं ८०,०००, विमा-तपासणी-दुरुस्ती १६,०००, हमाली आणि यंत्रावरची मजुरी ३२,०००, बँकेचं व्याज १८,०००, घसारा १२,०००. हातात उरले ८,०००. व्यवस्थापक आणि लेखनिकाचा पगार योजनेतून येतो, तो यात नाही.

आता आमसभा आहे. सभासद विचारतात, "कंपनीनं आम्हाला दिलं काय?" बँक म्हणते, एवढ्या नफ्यावर कर्जाची मर्यादा वाढवता येत नाही. तीन प्रश्न आहेत. सभेपुढं नेमकं काय दाखवायचं? अजून मूल्य कुठून येईल, डाळ मिल, बियाणं की आणखी काही? आणि सभासद ओला, मातीचा माल कंपनीत आणतात आणि वाळलेला व्यापाऱ्याला घालतात, त्यावर उपाय काय?

---

खातेवही

दादा, आकडे नीट मांडलेत म्हणून उत्तर देता येतं. नफा-तोटा पत्रक एकाच पक्षाच्या बाजूनं लिहिलेलं असतं, भागधारकाच्या. त्यात शेतकऱ्याला दिलेला जादा भाव खर्च, हमालाला दिलेली मजुरी खर्च, व्याजही खर्च. साध्या कंपनीत हे चालून जातं. तुमच्याकडं माल घालणारा आणि मालक एकच माणूस आहे, त्यामुळं हे पत्रक तुमची निम्मी गोष्ट झाकून ठेवतं.

त्याच आकड्यांतून मूल्यवर्धन पत्रक काढा. विक्रीतून फक्त बाहेरून विकत घेतलेल्या वस्तू आणि सेवा वजा करायच्या: वीज, बारदाना, ट्रक, विमा-तपासणी. ते झाले १,४६,०००. सोयाबीनची किंमत मात्र तुम्ही दिलेल्या भावानं धरायची नाही. कंपनी नसती तर सभासदाला दारात जे मिळालं असतं, त्या भावानं धरायची, म्हणजे ४,०५०. ते झाले ४०,५०,०००.

४२,९६,००० − १,४६,००० − ४०,५०,००० = १,००,०००.

कंपनी होती म्हणून तयार झालेलं मूल्य हे एक लाख. ते कुणाकडं गेलं बघा:

सभासदांना जादा भावातून ३०,०००
हमाल आणि यंत्रावरच्या मजुरांना ३२,०००
बँकेला १८,०००
यंत्राच्या झिजेपोटी १२,०००
कंपनीत शिल्लक ८,०००

हीच पाच ओळींची पाटी आमसभेत लावा. सगळ्यात मोठा वाटा मजुरीचा आहे. एखादा संचालक "हमाली कमी करू" म्हणेल, त्याला सांगा की हा पैसा गावातच राहतोय. कमी करायचा असेल तर ट्रक आणि व्याज हे दोन आकडे धरा, ते गावाबाहेर जातात.

४,०५० हा आधारभाव मात्र प्रामाणिक हवा. रोज संध्याकाळी दोन गावांतल्या दोन खरेदीदारांचा भाव, मालाची ओल आणि कटती (ओल-कचऱ्यापोटी कापलेलं वजन) वहीत लिहून ठेवा. हंगाम संपल्यावर आठवून लिहिलेला आधारभाव सभेत टिकत नाही. कंपनी आल्यामुळं व्यापाऱ्यानंच भाव वाढवला असेल तर तो फायदा या पत्रकात येत नाही, कारण आधारभावच वर गेलेला असतो. तो मोजायचा असेल तर कंपनीचं काम नसलेल्या शेजारच्या गावाचा भाव लिहा.

बाजार चढला म्हणून झालेला फायदा यात मिसळू नका. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं एकूण आयातशुल्क ५.५ वरून २७.५ टक्क्यांवर गेलं, तरीही त्या हंगामात सोयाबीन ४,८९२ च्या हमीभावाखालीच विकलं गेलं, कारण पेंडीला उठाव नव्हता. सोयाबीनमधून तेल निघतं १८ टक्क्यांच्या आसपास, बाकी बहुतेक पेंडच. या गोष्टी कंपनीच्या हातात नाहीत. त्यातून आलेली कमाई किंवा तोटा वेगळ्या ओळीत दाखवा.

आता कडू भाग. तुमच्या पत्रकात दोन मोठे खर्च दिसतच नाहीत.

पहिला पगार. योजनेत व्यवस्थापनखर्च तीन वर्षांत मिळून जास्तीत जास्त १८ लाखांपर्यंत मिळतो, नंतर बंद. व्यवस्थापक २५,००० आणि लेखनिक १०,००० धरले तर वर्षाला ४,२०,०००. आज तुमच्याकडं क्विंटलमागं सुटतात ३८ रुपये, सभासदांचे ३० आणि शिल्लक ८. ते सगळे पगाराला घातले तरी ११,०५० क्विंटल आवक लागेल, म्हणजे सभासदांचा जवळजवळ सगळा माल. सध्या १२ क्विंटलमधला एक क्विंटल येतोय.

दुसरा यंत्राचा. अनुदान वजा करून उरलेल्या रकमेवर १२,००० घसारा लावलाय. हिशेबाच्या दृष्टीनं ते चूक नाही, पण यंत्र बदलताना अनुदान मिळेलच असं नाही. समजा बदलायला १० लाख लागणार आणि आयुष्य १० वर्षं, तर दरसाल १ लाख बाजूला पडायला हवेत. आज तुमचं सगळं तयार मूल्यच तेवढं आहे.

म्हणून बँकेला नफ्याचा आकडा दाखवण्यापेक्षा आवक कशी वाढते आणि क्विंटलमागं काय सुटतं, हा महिनावार तक्ता द्या.

---

गोदामपाल

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या आकड्यांतच आहे. "सरसकट ४,०८०" हेच दुखणं. १० टक्के ओलीच्या मालाला आणि १६ टक्के ओलीच्या मालाला एकच भाव दिला तर ओला माल तुमच्याकडंच येणार. शेतकऱ्याचं काही चुकत नाही.

आधी ओलीचं गणित. बाजारात "एक टक्का ओल, एक किलो कटती" चालतं, ते बरोबर नाही. वाळवताना फक्त पाणी जातं, कोरडा दाणा तेवढाच राहतो. सूत्र असं: वाळवल्यानंतरचं वजन = आधीचं वजन × (१०० − आधीची ओल) ÷ (१०० − नंतरची ओल). १६ टक्क्यांचा १०० किलो माल १२ वर आणला तर ८४ ÷ ८८, म्हणजे ९५.४५ किलो. घट ४.५५ किलो, कटती मात्र ४ किलोचीच. १,००० क्विंटलला साडेपाच क्विंटल सोयाबीन हवेत जातं. ४,४०० नं धरलं तरी २४ हजार.

मग भाव असा बांधा. १२ टक्के ओल आणि २ टक्के काडीकचरा हा पायाभाव. समजा तो ४,३००. ओलीनुसार:

१० टक्के: ४,३९८
१२ टक्के: ४,३००
१४ टक्के: ४,२०२
१६ टक्के: ४,१०५
१८ टक्के: ४,००७

१४ च्या वर वाळवणीचा खर्च वेगळा लावायचा. कचऱ्यालाही हीच पद्धत. हा तक्ता काट्याच्या वर, शेतकऱ्याला उभ्या उभ्या वाचता येईल अशा अक्षरांत लावा.

१० टक्क्यांच्या मालाला जादा देताय म्हणून घाबरू नका. १० चा एक क्विंटल आणि १४ चा एक क्विंटल नीट मिसळला की १२ चे दोन क्विंटल होतात, ना डिझेल लागलं ना अंगणात पसरायला माणसं. वाळलेला माल हे तुमचं इंधन आहे. मिसळायचं ते यंत्राच्या हॉपरमध्ये, दोन्हीकडून एकसारखी धार ठेवून. थप्पीत ओली पोती कोरड्या पोत्यांशेजारी लावणं म्हणजे मिसळणं नव्हे. ओलं पोतं तिथंच तापतं, दाणा काळवंडतो, तेलाची आम्लता वाढते, आणि कारखाना नेमका त्याच पोत्यात परखी (नमुना काढायची पोकळ सळई) खुपसतो.

नमुना घेण्याची रीत ठरवा, भांडणं तिथंच होतात. दहा पोत्यांपर्यंत प्रत्येक पोत्यातून, त्यापुढं दर तिसऱ्या-चौथ्या पोत्यातून, परखी वर, मध्ये आणि खाली घालून माल काढायचा. सगळा एकत्र कालवायचा, ढीग चौकोनात पसरून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, पुन्हा तेच, अर्धा किलो उरेपर्यंत. त्यातले १०० ग्रॅम चाळून कचरा तोलायचा. उरलेल्याची दोन पाकिटं, दोन्हींवर सही, एक शेतकऱ्याकडं, एक कंपनीकडं, पैसे मिळेपर्यंत जपून.

मीटरचं म्हणाल तर उन्हातून आलेला गरम दाणा लगेच टाकला की आकडा चुकतो. दहा-पंधरा मिनिटं सावलीत राहू द्या, तीन वाचनं घ्या, सरासरी लिहा. हंगामाआधी एकच नमुना प्रयोगशाळेच्या ओव्हनमध्ये आणि तुमच्या मीटरवर तपासून फरक नोंदवा. शक्य असेल तर तोच नमुना कारखान्याच्या मीटरवरही. अर्ध्या टक्क्याचा फरक १०० क्विंटलच्या ट्रकला अर्ध्या क्विंटलहून जास्त पडतो. इलेक्ट्रॉनिक काट्याला वैधमापनचा शिक्का दर वर्षी लागतो, त्याचं प्रमाणपत्र भिंतीवर लावा.

अजून एक, तुमचा मालाचा मेळ बसतो का ते मी बघितलं. १,००० मधून १४ वरून १२ वर येताना २२.७ क्विंटल पाणी गेलं. माल ९४८, फूट १०. उरले १९.३, ते माती-काडीकचऱ्याचे. कचरा ४ वरून २ च्या आसपास आला असेल तर हा आकडा बरोबर बसतो. म्हणजे गोदामात गळती नाही. हा मेळ दर आठवड्याला घाला. ज्या आठवड्यात तो अर्ध्या टक्क्याहून जास्त चुकेल, त्या आठवड्यात काटा, मीटर किंवा माणूस यांतलं काहीतरी बिघडलंय.

---

मांजराकाठ

दोन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. ओलीचा तक्ता या हंगामात लावतोच. पण वाळलेला माल न येण्याचं दुसरं कारण रोखीचं आहे. व्यापारी मालाच्या बदल्यात तिथल्या तिथं पैसे देतो, खरिपाला बी-खताची उधारीही त्याचीच असते. आम्ही आठवड्यानं देतो. आणि कारखाना आम्हाला १५ दिवसांनी.

---

कलम_पोटकलम

साहेब, व्यापाऱ्याकडं जास्त भाव नाही, त्याच्याकडं दिवस कमी आहेत. तुमच्या कंपनीत सगळ्यात महाग वस्तू दिवस हीच आहे. ४,३०० रुपयांच्या क्विंटलवर १२ टक्क्यांनी रोजचं व्याज १ रुपया ४१ पैसे. तुमची शिल्लक क्विंटलमागं ८ रुपये. कारखान्यानं सहा दिवस उशीर केला की ती संपली.

भांडवलाचं चक्र बघा. ४०० सभासदांनी प्रत्येकी २,००० चे समभाग घेतले तर ८ लाख. योजनेत सभासदामागं २,००० पर्यंत, कंपनीला कमाल १५ लाखांपर्यंत, तेवढंच समभाग अनुदान मिळतं, म्हणजे आणखी ८. एकूण १६ लाख. हंगाम ९० दिवसांचा आणि पैसा फिरून यायला १५ दिवस, तर सहा फेऱ्या, ९६ लाखांची खरेदी, जेमतेम २,३५० क्विंटल. तेच चक्र ८ दिवसांवर आणलं तर ११ फेऱ्या आणि ४,३०० क्विंटल. नवा रुपया न आणता खरेदी दुपटीच्या जवळ जाते.

चक्र लहान करायचं तर कारखान्याशी बोलणं भावाऐवजी अटींवर करा. काटापट्टी (वजनाची पावती) झाली की ८० टक्के त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, उरलेले प्रयोगशाळेचा अहवाल आल्यावर पाच दिवसांत. यासाठी पाच-दहा रुपये भाव कमी घ्यावा लागला तरी घ्या. सात दिवस वाचले तर तुम्ही तेवढे कमावलेच. लेखी करारात कटतीचा तक्ता, वादाच्या वेळी कुणाचा नमुना ग्राह्य आणि उशिराचं व्याज या तीन गोष्टी हव्यात. ट्रक भरण्याआधी सीलबंद नमुना पाठवून मंजुरी घ्या. दारात नाकारलेला ट्रक परतीच्या भाड्याच्या भीतीनं पडेल त्या भावात खाली होतो. सोयाबीनवर ५ टक्के जीएसटी लागतो, कारखाना तो क्रेडिटमध्ये घेतो, म्हणजे स्वतःच्या करातून वळता करतो. पण तुमचं विवरण उशिरा गेलं तर त्याचं क्रेडिट अडकतं आणि तो तुमचे पैसे अडकवतो. लेखनिकाच्या कॅलेंडरवर ही तारीख लाल शाईनं हवी.

शेतकऱ्याकडच्या बाजूला कायद्यानं एक चांगली सोय दिली आहे. उत्पादक कंपन्यांचं प्रकरण २००२ च्या दुरुस्तीनं जुन्या कंपनी कायद्यात आलं. २०२० च्या दुरुस्तीनंतर ते २०१३ च्या कंपनी कायद्यात प्रकरण २१ए म्हणून आहे. त्यातलं कलम ३७८ई वाचा. मंडळ ठरवेल ती किंमत सभासदाला आधी द्यायची, उरलेली रोखून ठेवलेली किंमत नंतर रोख, वस्तूरूपात किंवा समभागांच्या रूपात, आणि तीही त्यानं घातलेल्या मालाच्या प्रमाणात. म्हणजे काट्यावर ९५ टक्के लगेच, ५ टक्के विक्रीनंतर. ४,०८० वर ती ५ टक्के रक्कम २०४ रुपये होते. ११,००० क्विंटलवर साडेबावीस लाखांचं बिनव्याजी खेळतं भांडवल सभासदांकडूनच उभं राहतं. रोखलेली रक्कम पावतीवर छापलेली हवी आणि देण्याची तारीखही. एकदा तारीख चुकली की पुढच्या वर्षी कुणी ५ रुपयेही थांबू देत नाही.

वर्षअखेरीच्या वाटपाचा क्रमही तिथंच आहे. भागभांडवलावर मर्यादित परतावा, राखीव निधी, मग उरलेल्यातून सहभागाच्या प्रमाणात बोनस. लाभांशासारखं समभाग बघून वाटू नका. ज्यानं ५० क्विंटल घातले आणि ज्यानं शून्य घातले त्यांना सारखं दिलं की ५० वाला पुढच्या वर्षी जातो. नियमावलीत क्रियाशील सभासदाची व्याख्या करा, उदाहरणार्थ उत्पादनाचा किमान अमुक हिस्सा कंपनीला. कायदा एक सभासद एक मत म्हणतो, पण नियमावलीत तरतूद असेल तर मतदान क्रियाशील सभासदांपुरतं ठेवता येतं. हे आमसभेत मंजूर करून घ्या, मंडळाच्या बैठकीत नव्हे.

बँकेसाठी: योजनेत २ कोटींपर्यंतच्या कर्जाला पतहमी आहे, शाखेला ती आठवण करून द्यावी लागते. डब्ल्यूडीआरए (केंद्राचं गोदाम नियामक प्राधिकरण) नोंदणीच्या गोदामात माल ठेवला तर इलेक्ट्रॉनिक गोदाम पावतीवर कर्ज मिळतं. शेतकऱ्यानं स्वतःच्या नावावर थांबायचं ठरवलं तर बाजार समितीची शेतमाल तारण योजना आहे: किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत, ६ टक्के व्याज, सहा महिने. ही तारण योजना शेतकऱ्याची, कंपनीची नव्हे. कंपनीनं भाव वाढेल या आशेवर सभासदांचा माल अडवून ठेवू नये. चार महिन्यांत १२ टक्क्यांनी क्विंटलमागं १७० रुपये व्याज होतं, वर गोदामभाडं आणि घट. भाव तेवढा वाढेल याची हमी कुणी देत नाही.

बी-खताच्या उधारीबद्दल. कायद्यानं सभासदाला सहा महिन्यांपर्यंत उधार सुविधा देता येते. पण भांडवल १६ लाख असताना उधारीत उतरू नका. आधी परवाने काढून हंगामापूर्वी मागणी नोंदवा, निम्मे पैसे आगाऊ घ्या आणि माल आलेल्या ट्रकमधूनच थेट वाटप करा. गोदामात खताचा साठा करून विकणं वेगळा धंदा आहे.

---

बीजप्लॉट

दुसऱ्या प्रश्नावर. डाळ मिल सोयाबीनच्या कंपनीला कशाला? तुरीचा पुरेसा माल असेल तरच. तुमच्या सभासदांच्या हातात जे ज्ञान आहे त्याचा पैसा बियाण्यात होतो. दाण्याचा खरेदीदार ओल आणि कचरा बघतो. बियाण्याचा खरेदीदार उगवण आणि वाणाची शुद्धता बघतो, आणि ती शेतातच तयार होते.

पद्धत थोडक्यात. पायाभूत बियाणं (ज्यापासून प्रमाणित बियाणं तयार होतं ते) महाबीज म्हणजे राज्य बियाणे महामंडळ किंवा कृषी विद्यापीठाकडून घ्यायचं आणि पावती-लेबलं सांभाळायची. मराठवाड्यात परभणीचे एमएयूएस १५८, १६२, ६१२ आणि राहुरीचे फुले संगम, फुले किमया चालतात. एका गावात एकच वाण ठेवा, नाहीतर मळणीयंत्रातच भेसळ होते. प्लॉटची नोंदणी बीज प्रमाणीकरण यंत्रणेकडं, विलगीकरण अंतर ३ मीटर, फुलोऱ्यात आणि पक्वतेला अशा किमान दोन तपासण्या. तपासणीआधी फुलाचा रंग, लव आणि पानाच्या आकारावरून वेगळी झाडं मुळासकट उपटायची. प्रमाणित बियाण्याला उगवण किमान ७० टक्के, शुद्धता ९८ टक्के, ओल १२ टक्क्यांपर्यंत.

बहुतेक लॉट नापास होतात ते मळणीत. सोयाबीनचं टरफल फार पातळ. दाण्याची ओल १४ च्या आसपास असताना, ड्रमचे फेरे मिनिटाला ३५० ते ४०० ठेवून मळायचं. भाड्याचा यंत्रवाला एकराचे पैसे घेतो, तो फेरे वाढवतो. त्याला बियाण्याच्या प्लॉटचा दर वेगळा द्या आणि पहिल्या पोत्यातले १०० दाणे काढून तडे मोजा. पोती वरून आपटायची नाहीत, थप्पी पाच-सहा पोत्यांहून उंच नको, खाली लाकडी फळ्या, भिंतीपासून दोन फूट मोकळं. हमालांना हे आधी समजावून त्यांची हमाली थोडी वाढवून द्या. कंपनीच्या उगवणीचा टक्का त्यांच्या हातात असतो.

काढणीच्या वेळी परतीचा पाऊस लागला तर उगवण जाते आणि लॉट दाणा म्हणून विकावा लागतो. विकण्यासाठी बियाणं परवाना लागतो. आणि पैसा नोव्हेंबर ते जून आठ महिने अडकतो, १२ टक्क्यांनी क्विंटलला ३४० रुपये व्याज. ते भरून काढेल एवढा फरक बियाणं आणि दाण्याच्या भावात असायला हवा.

---

खातेवही

बीजप्लॉट यांच्याशी सहमत, पण क्रम बदलू नका. पहिल्या वर्षी २० निवडक सभासद, स्वतःच्याच सभासदांना विकता येईल एवढंच बियाणं. ४०० सभासदांचं एकूण क्षेत्र १,५०० एकर धरलं आणि एकरी ३० किलो, तर ४५० क्विंटलची मागणी घरातच आहे. तेवढ्यातला तिसरा हिस्सा जरी केला तरी बाजार शोधायची गरज नाही, आणि नापास झाला तर कंपनी बुडत नाही.

आणखी एक साधन तुमच्याकडं पडून आहे, ते म्हणजे नोंदी. शेअर बाजाराची नियामक सेबी, तिनं २०२२-२३ पासून बाजारमूल्यानं पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना बीआरएसआर (पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा) अहवाल सक्तीचा केला. तो तुम्हाला लागू नाही. पण असे मोठे खरेदीदार माल कुठल्या शेतातला, कोणतं औषध फवारलं, हे विचारू लागलेत. पावतीवर गट क्रमांक, वाण, पेरणीची तारीख आणि फवारणी हे चार रकाने वाढवायला काही खर्च नाही. पाच वर्षांच्या अशा नोंदींतून एकरी उतारा कुठल्या शिवारात घसरतोय तेही कळतं. जमीन खालावली तर पुढं यंत्राला चाळायला मालच येणार नाही. म्हणून एकरी उताऱ्याचा आकडा त्या पाच ओळींच्या पाटीखाली सहावी ओळ म्हणून घ्या.

---

मांजराकाठ

पायाभावाचा तक्ता, ९५-५ ची पावती आणि क्रियाशील सभासदाची व्याख्या, हे तीन ठराव सभेच्या विषयपत्रिकेवर घेतो. एक शंका: ओलीच्या तक्त्यात १८ च्या वरचा माल घ्यायचा की परत पाठवायचा?

---

गोदामपाल

परत पाठवू नका, पण विकतही घेऊ नका. शेडच्या अंगणात वाळवायला जागा द्या, ताडपत्रीवर दोन-तीन इंचांचा थर, दर दोन तासांनी परतणं शेतकऱ्याचं. माल त्याच्याच नावावर राहील, ढिगाला त्याच्या नावाची पाटी. १४ वर आला की काटा करायचा. पाऊस आला तर झाकायला ताडपत्री कंपनीची, आणि ती कुठं ठेवली आहे हे रात्रीच्या राखणदाराला माहीत असू द्या.